ग्लिच मूव्ह

राक्षस-झुंजीच्या व्हिडिओ खेळांत, विशेषतः पोकेमॉनमध्ये, निर्मात्यांनी न आखलेला पण सदोष क्रमांकामुळे वापरता येणारा डाव (⟶ व्हिडिओ खेळ, संगणक दोष).

जपानच्या गेम फ्रीक संस्थेने घडवलेली ही मालिका १९९६ मध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉयवर सुरू झाली. पहिल्या पिढीत खरे डाव १६५. मात्र क्रमांक एका बाइटात साठवला जात असल्याने ० ते २५५ अशी कोणतीही संख्या तेथे येऊ शकते, आणि ती वैध आहे का हे खेळ तपासत नाही.

प्रत्येक डावाची माहिती सहा बाइटांची असते. ‘रेड’ व ‘ब्लू’ आवृत्त्यांत ही यादी संपताच पोकेमॉनच्या मूळ गुणांची यादी सुरू होते. त्यामुळे १६६ व्या डावाचे बळ ४९ भरते. प्रत्यक्षात तो बल्बासॉर या पोकेमॉनचा आक्रमणांक होय. नावांचे विपरिणाम अधिक गंभीर आहेत. १९६ पासून पुढे डाव शिकवणाऱ्या यंत्रांची नावे दिसतात, तर १६६ ते १९५ या ‘सुपर ग्लिच’ डावांत नावाची समाप्तिखूण वेळेत सापडत नाही. अक्षरे राखीव जागेबाहेर सांडतात, चित्रे विस्कटतात, खेळ गोठतो (⟶ बफर ओव्हरफ्लो).

मर्यादित स्मृतीत प्रोग्रॅम कसे रचले जात, याच्या अभ्यासाला हे डाव विलक्षण उपयुक्त आहेत (⟶ मिसिंगनो).