हिराकस ते चिलेट : केवड्याच्या औषधाची जुनी गोष्ट

मंडळी, उसाच्या खोडव्यात कोवळी पानं पिवळी-पांढरी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की आपण म्हणतो केवडा पडला. खालची जुनी पानं मात्र हिरवीच असतात. नत्र कमी पडलं तर उलटं होतं, आधी जुनी पानं पिवळी पडतात. एवढं ओळखलं तरी युरियाची एक गोणी वाचते.

गंमत बघा, आपल्या सोलापूरच्या काळ्या रानात लोह काही कमी नाही. बहुतेक मातीत शंभर किलोमागे दोन-चार किलो लोह असतंच. पण मुळाला ते विरघळलेलं लागतं. सामू एकाने वाढला की विरघळलेलं फेरिक लोह जवळपास हजारपटीने घटतं. आपला सामू आठच्या वर, त्यात चुनखडी. उजनीचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि जिथे पाणी साचतं तिथे बायकार्बोनेटची भर पडते.

हा रोग फ्रान्सच्या द्राक्षवाल्यांनी आपल्या आधी भोगलाय. तिथल्या युझेब ग्री नावाच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकाने १८४३-४४ च्या सुमारास पिवळ्या पानांना लोहाचे क्षार लावून पानं हिरवी करून दाखवली. म्हणजे आपला हिराकस! पुढे फायलोक्सेरा किडीने तिथल्या बागा संपवल्या, म्हणून अमेरिकन खुंटांवर कलमं केली. ते खुंट किडीला टिकले, पण चुनखडीच्या जमिनीत पिवळे पडले. शेवटी १८८७ मध्ये पिएर व्हियाला चुनखडीत टिकणारी जंगली द्राक्षं शोधायला अमेरिकेत गेला. टेक्सासच्या टी. व्ही. मन्सनने त्याला मदत केली. नान्नज, पंढरपूरकडच्या बागांत आज जो डॉगरिज खुंट आहे, तोही याच मन्सनने निवडलेला. आपण तो घेतला मुख्यतः पाणीटंचाई आणि क्षारासाठी.

हिराकसाची अडचण एकच. चुनखडीच्या मातीत नुसता टाकला की थोड्याच दिवसांत त्याचा गंज होतो, मुळाला मिळत नाही. म्हणून तो शेणखतात मुरवून द्यायची शिफारस आहे, हेक्टरी २५ किलो. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात. खरं तर हेच आपलं घरचं चिलेट.

‘चिलेट’ हा शब्द १९२० साली आला, खेकड्याच्या नांगीच्या ग्रीक शब्दावरून. नांगीत धरावं तसं लोह धरून ठेवायचं. ईडीटीए १९३५ च्या सुमारास जर्मनीत फर्डिनांड म्यून्झने तयार केलं, तेही शेतीसाठी नव्हे, कापड उद्योगासाठी. १९५२ मध्ये फ्लोरिडात स्टुअर्ट आणि लेनर्ड यांनी ते लोहाबरोबर संत्रावर्गीय झाडांच्या बुडाला दिलं आणि पिवळी झाडं हिरवी झाली. सगळीकडे बोलबाला झाला.

पण ती जमीन रेताड आणि आम्लधर्मी होती! तिथला केवडा बराचसा वर्षानुवर्षं साठलेल्या तांब्यामुळे होता. (बोर्डो सारखं मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) चुनखडीच्या जमिनीत ईडीटीएच्या नांगीत कॅल्शियम शिरतं आणि लोह बाहेर पडतं. साधारण साडेसहा सामूच्या पुढे ते जमिनीत टिकत नाही. डीटीपीए सात-साडेसातपर्यंत तग धरतं. आपल्यासारख्या जमिनींसाठी १९५० च्या दशकातच गायगी कंपनीकडून ईडीडीएचए आलं. ते नऊच्या आसपासही लोह सोडत नाही.

आता दुकानात काय होतं? ईडीटीएच्या पुडीवर लोह १२ टक्के, ईडीडीएचएच्या पुडीवर ६ टक्के, आणि किंमत कितीतरी जास्त. माणूस साहजिकच बाराची पुडी उचलतो आणि ड्रिपमधून सोडतो. आठ-सव्वाआठ सामूच्या रानात ते पैसे मातीत जातात. फवारणीला मात्र ईडीटीए चालतं, कारण तिथे मातीतला चुना आडवा येत नाही. अर्धा टक्का हिराकसाची फवारणीही चालते, स्वस्तही पडते, पण नव्या पानांसाठी पुन्हा करावी लागते.

ईडीडीएचए घेताना पुडीवर ‘ऑर्थो-ऑर्थो’ किती टक्के लिहिलंय ते वाचा. चुनखडीत खरा टिकाव त्याच भागाचा. आणि त्याआधी माती तपासा. डीटीपीए पद्धतीच्या अहवालात लोह ४.५ पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. अहवाल नसेल तर ढेकळावर थोडं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. जोरात फसफसलं, तर ड्रिपमधून ईडीटीए सोडू नका.