सदिच्छेचे उड्डाण आणि पालोमारचे आकाश

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले आणि दुसरे १९३९ साली सुरू झाले. या दोहोंमधील एकवीस वर्षांना आपण सर्वसाधारणपणे शांततेचा काळ म्हणतो. परंतु विमानदलांच्या दप्तरात या शांततेचे चित्र वेगळे दिसते. युद्ध नसतानाही वैमानिक मरत होते. कधी इंजिन बंद पडे, कधी धुके दाटे, तर कधी आपल्याच सोबत्याचे विमान आपल्यावर येऊन आदळे. अशा अपघातांपैकी २६ फेब्रुवारी १९२७ रोजी अर्जेंटिनात घडलेला एक अपघात विशेष विचारास पात्र आहे. त्यात दोन लष्करी विमाने आकाशात एकमेकांवर आदळली, चार वैमानिकांपैकी दोघे वाचले व दोघे गेले. आणि हे सारे घडले ते ‘सदिच्छा’ या नावाखाली निघालेल्या मोहिमेत.

अमेरिकेच्या लष्करी विमानदलाचे प्रमुख मेजर जनरल मेसन पॅट्रिक यांच्या प्रेरणेने ही मोहीम आखली गेली. प्रत्येकी दोन वैमानिक असलेली पाच विमाने मेक्सिको, मध्य अमेरिका व दक्षिण अमेरिकेची प्रदक्षिणा करणार होती. ठिकठिकाणच्या राष्ट्रप्रमुखांना ती अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचे मैत्रीपत्र देणार होती. अंतर सुमारे २२,००० मैल होते. ‘न्यूयॉर्क’, ‘डेट्रॉइट’, ‘सॅन अँटोनियो’, ‘सॅन फ्रान्सिस्को’ आणि ‘सेंट लुईस’ अशी अमेरिकन शहरांची नावे विमानांना दिली होती. २१ डिसेंबर १९२६ रोजी टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियोजवळच्या केली फील्ड या तळावरून ती निघाली.

सदिच्छेमागे व्यवहारही होता. लॅटिन अमेरिकेच्या आकाशात युरोपीय विमान कंपन्या पाय रोवू पाहत होत्या आणि अमेरिकेला ते रुचणारे नव्हते. शिवाय ज्या महिन्यात ही विमाने मैत्रीची पत्रे घेऊन निघाली, त्याच महिन्यात अमेरिकेचे मरीन सैनिक निकाराग्वाच्या किनाऱ्यावर उतरत होते. ज्या हाताने पत्र पुढे केले, त्याच राष्ट्राच्या दुसऱ्या हातात बंदूक होती. तेव्हा यजमान देशांतील अनेकांनी या पाहुण्यांकडे साशंक नजरेने पाहिले असल्यास नवल नाही. मोहिमेचा नायक मेजर हर्बर्ट डार्ग याला तर या विसंगतीचा स्वतःचाच अनुभव होता. १९१६ साली पांचो व्हिया याच्या पाठलागावर जनरल पर्शिंग यांची जी फौज मेक्सिकोत शिरली, तिच्या विमानपथकात तो होता. चिवावा शहरात उतरला असता संतप्त जमावाने त्याच्या विमानावर दगडफेक केली होती. दहा वर्षांनंतर तोच वैमानिक त्याच मेक्सिकोवरून मैत्रीचा संदेश घेऊन निघाला होता.

विमाने लोनिंग कंपनीची होती. ती पाण्यावरही उतरत व जमिनीवरही. खाली नावेसारखा तळ, त्यावर एकावर एक असे दोन पंख, आणि पंखा नावेच्या तळाला लागू नये म्हणून उलटे बसवलेले लिबर्टी इंजिन, अशी त्यांची रचना होती. पाण्यावर उतरताना चाके वर घ्यावी लागत, जमिनीवर उतरताना ती खाली सोडावी लागत, आणि हे काम वैमानिक हाताने करीत. लॅटिन अमेरिकेत धावपट्ट्या विरळ आणि नद्या व बंदरे मुबलक असल्यामुळे ही निवड शहाणपणाची होती. मात्र अशा दुपंखी विमानात बसलेल्या माणसाला खालचे व बाजूचे फारसे दिसत नसे. थव्याने उडताना एकमेकांशी बोलण्याचे साधन म्हणजे हाताची खूण किंवा विमानाचे हेलकावे एवढेच.

मेक्सिको व मध्य अमेरिका मागे टाकून, पॅसिफिक किनाऱ्याने चिलीपर्यंत उतरून आणि अँडीज पर्वत ओलांडून विमाने अर्जेंटिनात आली. २६ फेब्रुवारी हा शनिवार होता. त्या दिवशी ती ब्वेनोस आयरेसजवळच्या एल पालोमार या तळावर पोहोचली. अर्जेंटिनाच्या लष्करी विमानविद्येची सुरुवात १९१२ साली याच मैदानावर झाली होती. विमाने व्यूह करून आली, आणि उतरण्यासाठी व्यूह मोडत असताना ‘न्यूयॉर्क’ व ‘डेट्रॉइट’ एकमेकांत अडकून गरगरत खाली येऊ लागली. ‘न्यूयॉर्क’मध्ये मेजर डार्ग व लेफ्टनंट एनिस व्हाइटहेड होते. दोघांनीही उडी घेतली, त्यांच्या हवाई छत्र्या उघडल्या आणि ते वाचले. ‘डेट्रॉइट’मधील कॅप्टन क्लिंटन वूल्सी व लेफ्टनंट जॉन बेंटन हे दोघेही विमानाबरोबर जमिनीवर आले आणि मरण पावले.

ते का उतरू शकले नाहीत, याविषयी जो वृत्तांत सांगितला जातो तो असा. चाके खाली सोडण्याच्या कामासाठी बेंटन आपल्या आसनातून बाहेर पंखावर आला होता आणि त्यासाठी त्याने हवाई छत्री अंगावरून काढून ठेवली होती. वूल्सीला उडी घेता आली असती, परंतु सोबत्याला मृत्यूच्या स्वाधीन करून त्याने विमान सोडले नाही, असे त्याच्याविषयी म्हटले गेले. त्या काही क्षणांत वूल्सीच्या मनात काय आले याला साक्षीदार नाही, आणि असूही शकत नाही. तरी हा वृत्तांत एका अशा प्रश्नाकडे बोट दाखवतो, जो त्या पिढीपूर्वीच्या वैमानिकांना पडतच नव्हता.

पहिल्या महायुद्धातील बहुतेक वैमानिकांना हवाई छत्री मिळालीच नाही. विमान पेटले वा मोडले, की त्याच्याबरोबर जाणे एवढेच त्यांच्या हाती असे. २८ एप्रिल १९१९ रोजी लेस्ली अर्विन याने ओहायो राज्यातील मॅककुक फील्डवर विमानातून उडी घेतली आणि हवेत असतानाच स्वतःच्या हाताने छत्री उघडून दाखवली. २० ऑक्टोबर १९२२ रोजी त्याच मैदानाजवळ लेफ्टनंट हॅरल्ड हॅरिस याने मोडलेल्या विमानातून अशीच उडी घेऊन प्राण वाचवले. पुढे मार्च १९२५ मध्ये केली फील्ड येथे शिकाऊ वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग व त्याचा एक सहकारी यांची विमाने पालोमारप्रमाणेच हवेत एकमेकांत अडकली. दोघांच्याही पाठीवर छत्री होती आणि दोघेही सुखरूप उतरले.

नवे साधन आले म्हणजे केवळ सोय येत नाही, तिच्याबरोबर जबाबदारीही येते. विमान सोडण्याचा मार्गच नव्हता, तेव्हा दोघा सोबत्यांचे प्राक्तन एक होते आणि त्यात निवडीला जागा नव्हती. छत्री आली आणि राहायचे की जायचे हा प्रश्न जन्मास आला. डार्ग व व्हाइटहेड यांनी उडी घेतली यात लवमात्र कमीपणा नाही. दोघांकडेही साधन होते, आणि दोघांनीही ते योग्य वेळी वापरले. परंतु एकापाशी साधन आहे व दुसऱ्यापाशी नाही, अशा वेळी पहिल्याने काय करावे, याचे उत्तर कोणत्याही लष्करी नियमात लिहिता येत नाही. ते उत्तर प्रत्येकाला स्वतःच द्यावे लागते, आणि पालोमारवर त्यासाठी अवघे काही क्षण मिळाले.

मोहीम थांबली नाही. बचावलेले आठ वैमानिक २ मे १९२७ रोजी वॉशिंग्टनच्या बोलिंग फील्डवर परतले. ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे नवे सन्मानपदक आदल्याच वर्षी मंजूर झाले होते आणि प्रत्यक्ष पदक अजून तयार नव्हते, म्हणून अध्यक्ष कूलिज यांनी त्यांना त्याची मानपत्रे दिली. वूल्सी व बेंटन यांना तो सन्मान मरणोत्तर मिळाला. पण अठरा दिवसांनी, २० मे रोजी, लिंडबर्ग एकट्याने अटलांटिक ओलांडण्यास निघाला आणि सारे जग त्याच्याकडे पाहू लागले. त्या पदकाचा पहिला प्रत्यक्ष मानकरी तोच ठरला. जगाच्या स्मरणात राहिला तो दोन वर्षांपूर्वी छत्रीमुळे वाचलेला वैमानिक. बावीस हजार मैलांची प्रदक्षिणा आणि तिच्यातील दोन मृत्यू बातम्यांच्या ढिगाखाली गेले.

वाचलेल्या दोघांना आयुष्याने वेगवेगळ्या वाटांनी नेले. व्हाइटहेड दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधील पाचव्या हवाई सेनेचा सेनापती झाला. डार्ग मेजर जनरल झाला. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर हवाई बेटांवरील सैन्याची सूत्रे घेण्यासाठी जात असता १२ डिसेंबर १९४१ रोजी कॅलिफोर्नियातील बिशप गावाजवळच्या डोंगरात त्याचे विमान कोसळून तो मरण पावला. पालोमारने त्याला चौदा वर्षे अधिक दिली होती.

कॅलिफोर्नियातील अलमिडा येथील एका तळाला बेंटनचे नाव देण्यात आले होते, पण पुढे तो तळ राहिला नाही. मिशिगन सरोवराकाठच्या नॉर्थपोर्ट या वूल्सीच्या गावी मात्र त्याच्या नावाचा एक लहानसा विमानतळ आहे. मोठी विमाने तेथे उतरत नाहीत. कूलिज यांची पत्रे ज्या सदिच्छेची ग्वाही देत होती, तिची किंमत राजकारणाने पुढे वारंवार कमी केली. दोन राष्ट्रांमधील सदिच्छा कागदावर मोजता येते, पण दोन माणसांमधील सदिच्छा मोजण्याचे माप वेगळे असते, आणि ते माप त्या शनिवारी पालोमारच्या आकाशात क्षणभर दिसून गेले.