नाव, गाव आणि आकडा

महाराष्ट्रात कर्जत दोन. एक आमचे, बोरघाटाच्या पायथ्याचे, दुसरे नगरकडचे. एका प्रकाशकाने नुसते ‘कर्जत’ एवढेच लिहून पाठवलेली माझ्या कादंबरीची मुद्रिते एकदा घाट चढून तिकडची हवा खाऊन आली होती. नाव एक आणि गावे दोन असली म्हणजे हे चालायचेच.

हा घोळ मिटावा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे सरकारी अधिकारी तर होतेच, पण संस्कृत कवी व नाटककारही होते. आमचे कर्जत ४१०२०१, खालापूर ४१०२०२, खोपोली ४१०२०३. नगरकडच्या कर्जताचा आकडा मात्र ४१४ ने सुरू होतो. पहिल्या तीन आकड्यांवरून थैली ठरते, शेवटच्या तिहींवरून टपालकचेरी. दूरच्या कारकुनाला कर्जत कुठे आहे हे ठाऊक नसले तरी अडत नाही. पत्र पुढे कोणाकडे द्यायचे एवढे त्याला कळले की पुरे.

ज्याला आज आपण इंटरनेट म्हणतो, त्याचा इतिहास वाचताना मला हेच टपाल पुन्हा भेटले. तिथेही प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. पण माणसाच्या ध्यानात राहते ते नाव. इंटरनेटच्या पूर्वजाला, अमेरिकेतील अर्पानेटला, आरंभी एकच नोंदवही पुरत असे. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइन्लर व त्यांचे सहकारी ती सांभाळीत, आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी वही अपुरी पडू लागली. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ती वहीच वाटून टाकली. ज्याची नावे, त्यानेच ती सांभाळावीत!

आता ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ हा पत्ता घ्या. आपण तो डावीकडून वाचतो. यंत्र उजवीकडून उलगडते, जसे पाकिटावर आधी राज्य, मग जिल्हा, मग गाव पाहावे. विचारणा प्रथम मूळ सेवकाकडे जाते. अशी मूळ नावे जगात तेरा आहेत, त्यांच्या प्रती मात्र शेकडो ठिकाणी ठेवलेल्या आहेत. मूळ सांगते, ‘इन’ची वही अमक्याकडे. ‘इन’वाला ‘गव्ह’चे घर दाखवतो, आणि अखेरीस आकडा हाती येतो. सर्वज्ञ कोणीच नाही. पुढे कोणाला विचारावे एवढेच प्रत्येकाला ठाऊक. मिळालेले उत्तर काही काळ टिपून ठेवतात, म्हणून दर वेळी ही पायपीट करावी लागत नाही.

यात एक गंमत आहे. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाब्याचा रायगड झाला, २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नावे बदलली, पिन तेच राहिले. जाळ्यावर नेमके उलटे. यंत्र बदलले, आकडा बदलला, तरी नाव कायम राहते. वहीतली एक ओळ सुधारली की झाले. म्हणूनच ती वही कोणाच्या हाती आहे याला महत्त्व. आपल्या देशाचे ‘इन’ १९८९ साली नोंदले गेले. २००५ पासून त्याचा कारभार ‘निक्सी’ ही भारतीय संस्था पाहते.

परंतु नाव लिहायचे कोणत्या अक्षरांत? कित्येक वर्षे रोमन अक्षरे, आकडे आणि जोडरेघ यांखेरीज तिथे कशालाच थारा नव्हता. देवनागरीतील ‘डॉट भारत’ २७ ऑगस्ट २०१४ रोजी खुले झाले, आणि हिंदी, कोकणी यांच्या जोडीने मराठीलाही दार उघडले. तरी पडद्याआड ‘भारत’ हा शब्द एक्स, एन, दोन जोडरेघा, एच, २, बी, आर, जे, ९, सी असा रोमन वेष घेऊनच वावरतो. जुनी यंत्रे मोडू नयेत म्हणून काढलेली ही तोड आहे, आणि तीत मला अपमान दिसत नाही. खंत आहे ती निराळीच. दार उघडून दशक उलटले, तरी माझे विद्यार्थी शाळेचे नाव फळ्यावर मराठीत लिहितात आणि संगणकावर इंग्रजीत शोधतात.

पत्र पोचते ते पाकिटावर लिहिलेल्या नावाला. वहीत मराठी नाव लिहायची सोय आता झाली आहे. ते लिहायला मात्र दुसरे कोणी येणार नाही.