सल्ल्याचा खर्च आणि बसची पायरी

गोपाळ कृष्ण गोखले हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते शाळेत नव्हे, शिवणयंत्राच्या खडखडाटात. माझे थोरले भाई शिंपीकाम करायचे. लहानपणी पोलिओने त्यांचा डावा पाय गेला होता. यंत्राची पायपट्टी ते एकट्या उजव्या पायाने चालवत. आमचं गाव कागलपासून फार लांब नाही. एकदा पाटलोणीला काजं करता करता भाई म्हणाले, ''गोखल्यांचं लहानपण या कागलात गेलं. वडील लवकर वारले. थोरल्या भावाला पंधरा रुपये पगार, त्यातले आठ तो धाकट्याच्या शिक्षणाला धाडायचा. म्हणून धाकटा बी.ए. झाला. तू पण हो.''

मी झालो. गोखल्यांची बी.ए. 1884 ची, माझी 1991 ची. त्यांच्या पदवीचं देशाने सोनं केलं, माझ्या पदवीच्या मी कविता केल्या. पण दोन्ही पदव्यांमागे एकेक थोरला भाऊ होता, एवढं साम्य मी हक्काने सांगतो.

आज मला सरकारला हिशेब विचारण्याबद्दल बोलायचं आहे आणि त्यासाठी खर्चाच्या दोन नोंदी निवडल्या आहेत. एक, सरकार आपल्या सल्लागारांवर करतं तो खर्च. दुसरी, अपंगांच्या बसप्रवासाच्या सवलतीवर होणारा खर्च. वरवर पाहता या दोहोंचा काही संबंध नाही. पण खजिना एकच आहे. आणि त्या खजिन्याच्या दारात कोणाला किती वेळ उभं करतात, हे पाहिलं की राज्यकारभाराची नियत कळते.

आधी सल्लागार. ही गोष्ट जुनी आहे. 1857 चं बंड मोडल्यावर 1858 च्या कायद्याने हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडून राणीकडे गेला. लंडनमध्ये भारतमंत्री नेमला गेला आणि त्याला सल्ला द्यायला पंधरा जणांचं इंडिया कौन्सिल. प्रत्येक सभासदाला वर्षाला 1,200 पौंड. मंत्री लंडनचा, कौन्सिल लंडनचं, जबाबदारी ब्रिटिश पार्लमेंटला. पण पगार जायचा हिंदुस्थानच्या तिजोरीतून. म्हणजे मीठ विकत घेणारा कोकणातला कुळवाडी, ज्याने टेम्स नदी कधी पाहिली नाही, तो या सल्लागारांचा खरा मालक होता. फक्त त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं.

थोडं गणित करू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पौंडाचा भाव पंधरा रुपयांवर आला होता. त्या भावाने एका सल्लागाराचा वर्षाचा पगार 18,000 रुपये. गोखल्यांच्या भावाचे महिना पंधरा म्हणजे वर्षाचे 180. शंभर वर्षं कागलात चाकरी केली असती तर त्या भावाला लंडनच्या एका सल्लागाराचा एका वर्षाचा पगार मिळाला असता. आणि असे सल्लागार पंधरा.

या हिशेबात आणखीही गमती होत्या. 1867 मध्ये तुर्कस्तानचे सुलतान अब्दुल अझीझ लंडनला गेले. त्यांच्या सन्मानार्थ इंडिया ऑफिसमध्ये मोठा नाच झाला आणि त्याचं बिल हिंदुस्थानच्या खात्यावर पडलं. माझ्या कोणा पणजोबाला विचारलं असतं, की बाबा, सुलतान आपल्या धर्माचे आहेत, पाहुणचार तुझ्या पैशाने करू का, तर कदाचित तो हो म्हणाला असता. पण विचारलं कोणी? मुद्दा पैशाइतकाच विचारण्याचाही आहे.

विचारणारे हळूहळू उभे राहिले. दादाभाई नौरोजींनी हा प्रश्न आयुष्यभर लावून धरला. 1895 मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करायला लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमलं गेलं. दादाभाई त्याचे सभासद होते. त्याच्यापुढे साक्ष द्यायला 1897 मध्ये हिंदुस्थानातून जे गेले त्यांत दिनशा वाच्छा होते, सुरेंद्रनाथ बॅनर्जी होते आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवणारे गोखले होते. गोखल्यांचं वय तेव्हा तिशीच्या आसपास. आठ रुपयांत महिना काढलेला हा माणूस साम्राज्याच्या खर्चाची उलटतपासणी द्यायला बसला. खर्च करणाऱ्यावर, ज्याचा पैसा आहे त्याचा काही ताबा नाही, हे त्याच्या सांगण्याचं सार होतं.

पुढे ते व्हाइसरॉयच्या विधिमंडळात गेले. 1892 च्या कायद्याने तिथे अंदाजपत्रकावर बोलण्याची आणि प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली होती, पण मत देता येत नव्हतं. आणि उत्तर मिळाल्यावर पुढचा प्रश्न विचारता येत नव्हता. उपप्रश्नाची सोय 1909 मध्ये झाली, तीही मूळ प्रश्न विचारणाऱ्यापुरती. हात असे बांधलेले असताना 1902 च्या मार्चमध्ये गोखले अंदाजपत्रकावर बोलले. सरकार शिलकीचा आनंद करत होतं. गोखल्यांनी सांगितलं, लोक हलाखीत असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलं जातं. तेव्हा मिठावर मणाला अडीच रुपये कर होता. 1903 मध्ये तो दोन रुपये झाला, 1905 मध्ये दीड, 1907 मध्ये एक. एका भाषणाने हे झालं असं मी म्हणणार नाही. पण दरवर्षी उठून आकड्यानिशी विचारणारा माणूस समोर असला की तिजोरीवाल्याचा हात थोडा सैल पडतो.

भारतमंत्र्याचा पगार ब्रिटिश खजिन्याकडे गेला तो 1919 च्या कायद्यानंतर. गोखले 1915 मध्येच गेले होते. इंडिया कौन्सिल 1937 मध्ये बंद झालं आणि त्याच्या जागी जे मोजके लोक नेमले गेले त्यांचं कायद्यातलं नावच 'सल्लागार' असं होतं.

आता दुसरी नोंद. स्वराज्य आलं आणि 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. पुढे वेगवेगळ्या घटकांना सवलती मिळाल्या. आज अपंग प्रवाशाला साध्या गाडीत 75 टक्के सवलत आहे. शंभर रुपयांचं तिकीट असेल तर प्रवासी पंचवीस देतो, उरलेले पंचाहत्तर राज्य सरकारने महामंडळाला द्यायचे असतात. म्हणजे ही कंडक्टरची मेहेरबानी नाही, महामंडळाचं दानही नाही. तो सरकारी खर्च आहे आणि त्याची तिकिटागणिक नोंद होते.

भाईंबरोबर मी हा प्रवास खूप केला. कंडक्टर म्हणायचा, ''मास्तर, कार्ड दाखवा.'' भाई म्हणायचे, ''दाखवतो मास्तर.'' एक शिंपी मास्तर, एक तिकीट मास्तर. कंडक्टर कार्ड उलटसुलट करून बघायचा. त्याचा मला राग नाही. पुढच्या थांब्यावर तपासनीस चढला तर नोकरी त्याची जायची.

राग येतो तो दुसऱ्या एका दिवसाचा. कार्डाची मुदत संपली होती. नवीन कार्डासाठी आम्ही एका कचेरीत गेलो. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. तिथल्या साहेबांनी जुना दाखला चालणार नाही म्हटलं, नवा आणा, डॉक्टरला पाय पुन्हा दाखवा. भाई तेव्हा चाळिशी ओलांडलेले. पाय गेला वयाच्या तिसऱ्या वर्षी. ते शांतपणे म्हणाले, ''साहेब, चाळीस वर्षांत उगवला नाही, गेल्या वर्षात कसा उगवेल?'' साहेब हसले. आम्ही तीन हेलपाटे घातले. सवलतीत वाचणार होते त्यातले बरेच रुपये त्या हेलपाट्यांत गेले.

त्या दिवशी परतताना मला इंडिया कौन्सिल आठवलं नाही, खोटं कशाला सांगू. ते बऱ्याच वर्षांनी आठवलं, जेव्हा सरकारी कामांसाठी नेमलेल्या सल्लागार कंपन्यांच्या बातम्या वाचू लागलो. सल्ला घेणं वाईट नाही. पूल बांधायचा तर पूल जाणणाऱ्याला विचारावंच लागेल आणि त्याची फी द्यावी लागेल. माझी तक्रार वेगळी आहे. पंचाहत्तर रुपयांसाठी माणसाला पाय दाखवावा लागतो. मग कोटींच्या सल्ल्यासाठी निदान सल्ला तरी दाखवायला नको का? काय विचारलं, काय सांगितलं, त्याचं पुढे काय झालं?

हे विचारायला आज गोखल्यांसारखं विधिमंडळात बसावं लागत नाही. माहितीचा अधिकार महाराष्ट्राने 2002 मध्ये केला आणि 12 ऑक्टोबर 2005 पासून देशाचा कायदा लागू झाला. त्याचं चौथं कलम मुद्दाम वाचावं. सरकारी कार्यालयाने कोणी न मागता काय काय जाहीर करायचं, याची तिथे यादी आहे. त्यात सल्ला देण्यासाठी नेमलेली मंडळं आणि समित्या येतात, अधिकारी-कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन येतं, आणि सवलतीच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम ठेवली, लाभ कोणाला मिळाला हेही येतं. माझ्या आजच्या दोन्ही नोंदी त्या एकाच यादीत शेजारी शेजारी बसल्या आहेत. एक फट मात्र आहे. सल्लागार कंपनीमार्फत आला तर तो अधिकारीही नसतो आणि कर्मचारीही नसतो, वेतनाच्या तक्त्यात तो दिसत नाही. तिथे अर्जच करावा लागतो. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय, साधारण 150 शब्दांत. म्हणजे सल्ल्याचा अर्ज वेगळा आणि सवलतीचा वेगळा. कवींना तरी ही शब्दमर्यादा जाचू नये.

आणि अर्ज कराल तेव्हा फक्त रुपये विचारू नका. 1995 च्या कायद्याने वाहनं अपंगांना वापरता येतील अशी करायला सांगितलं, 2016 च्या कायद्याने ते अधिक स्पष्ट केलं. 2015 मध्ये 'सुगम्य भारत' मोहीम निघाली. मार्च 2018 पर्यंत दहा टक्के सरकारी बसगाड्या अपंगांना पूर्ण सुलभ करायच्या असं ठरलं, मग मुदत वाढली. दरम्यान 'अपंग' शब्द जाऊन 'दिव्यांग' आला. आमच्या गावच्या गाडीची पायरी आहे तिथेच आहे.

2022 पासून पंचाहत्तर वर्षांवरच्यांना एस.टी.चा प्रवास पूर्ण मोफत झाला. गेल्या वर्षी भाईंना पंचाहत्तर पूर्ण झाली. मी उत्साहाने म्हटलं, ''भाई, आता कोल्हापूर फुकट!'' यंत्र त्यांनी केव्हाच बंद केलं आहे. हातातली सुई खाली ठेवून ते म्हणाले, ''पाय गेला होता तेव्हा तिकीट होतं. वय झालं तेव्हा फुकट झालं. आता पायरी चढवत नाही रे.''

त्या पायरीची उंची कोणत्या सल्लागाराला विचारून ठरवली आणि त्याला त्याचे किती पैसे दिले, एवढाच माझा अर्ज आहे. 150 शब्दांत बसतो.