कांचनांची ओळख: चार ओळींवरचे भाष्य

१. पान टोकाकडून दुभंगलेले, दोन खंडांचे.
योहान आणि कास्पर बौहिन या वनस्पतिशास्त्रज्ञ भावांचे स्मरण म्हणून या प्रजातीला 'बौहिनिया' म्हणतात. मात्र पानावरून प्रजाती कळते, जाती नाही. आपटाही याच गोतावळ्यातला; त्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक. एवढे पाहिले तरी दसऱ्याला आपटा समजून कांचनाच्या फांद्या ओरबाडणे थांबेल. ते थांबायलाच हवे.

२. पाकळ्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या, परागधारी पुंकेसर ५: व्हेरिएगाटा. पाकळ्या अरुंद, सुट्या, पुंकेसर ३: पर्पुरिया.
सगळा घोळ इथेच होतो. लिनिअसने १७५३ मध्येच या दोन जाती वेगळ्या नोंदवल्या, पण आपल्याकडे दोन्ही 'कांचन'च, आणि 'रक्तकांचन' कधी हिला, कधी तिला. ओळीत रंग नाही, हे योग्यच झाले: गुलाबी-जांभळ्या छटा दोघींतही आहेत. बहराचा काळ मदतीला येतो. पर्पुरिया पावसाळा सरता सरता, पाने असतानाच फुलते. व्हेरिएगाटा हिवाळा ओसरताना, बहुधा निष्पर्ण फांद्यांवर. तरी ऋतू पुढेमागे होतो, म्हणून निवाडा पुंकेसरांवरच करावा.

३. फूल पांढरे, पुंकेसर १०: अ‍ॅक्युमिनाटा.
हे बागेतले झुडूप. व्हेरिएगाटाचाही पांढऱ्या फुलांचा प्रकार असतो, तेव्हा ओळीचा उत्तरार्ध वाचल्याशिवाय नाव देऊ नये.

४. फूल मोठे, किरमिजी-जांभळे, पुंकेसर बहुधा ५, शेंग नाही: ब्लेकियाना.
हाँगकाँगच्या ध्वजावरचे फूल ते हेच. १९०८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डन यांनी त्याला स्वतंत्र जाती मानून हाँगकाँगचे गव्हर्नर हेन्री ब्लेक यांच्यावरून नाव दिले. त्या वेळी हाती असलेल्या लक्षणांवर तो निर्णय सयुक्तिकच होता. पुढे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हा दुसऱ्या ओळीतल्या दोन जातींचा संकर असल्याचे दाखवले. तो वांझ असल्याने कलमांनीच वाढवावा लागतो. म्हणून या ओळीत नुसते फूल पुरत नाही; बहर संपल्यावर झाडाकडे पुन्हा जाऊन शेंगा धरल्या का ते पाहावे लागते. नाव लिहितानाही 'बौहिनिया' आणि 'ब्लेकियाना' यांच्यामध्ये संकराची × ही खूण घालावी.