सोमपुरा शिल्पी

गुजरात व राजस्थान या प्रदेशांत देवालयबांधणीचा वंशपरंपरागत व्यवसाय करणारा एक शिल्पिसमाज. नागर पद्धतीच्या मंदिरांची जी पश्चिम भारतीय शाखा अकराव्या शतकात परिणत झाली व जिला आधुनिक अभ्यासकांनी ‘मारु-गुर्जर’ हे नाव दिले, तिचे शास्त्र आणि तंत्र जपणारा समाज म्हणून सोमपुरांना वास्तुकलेच्या इतिहासात महत्त्व आहे. गुजरातीत दगडकाम करणाऱ्यास ‘सलाट’ म्हणतात. सोमपुरा सलाट मात्र स्वतःस ब्राह्मण मानतात. प्रभासपाटण येथील सोमनाथाचे आद्य मंदिर सोमाने, म्हणजे चंद्राने उभारले व त्या कामी आपल्या पूर्वजांची योजना केली, अशी त्यांची कुलकथा आहे. ती इतिहास म्हणून घेता येत नाही. परंतु हाताने दगड घडविणाऱ्या माणसाने यजमानाच्या आणि पुरोहिताच्या बरोबरीने बसावे, ही त्या समाजाची आकांक्षा तिच्यातून स्पष्ट दिसते.

मंदिर उभे राहण्यास दोन प्रकारचे ज्ञान लागते : एक मापांचे गणित व दुसरे टाकीचे कसब. शिल्पग्रंथांनी स्थपती, सूत्रग्राही, तक्षक व वर्धकी असे कारागिरांचे चार वर्ग सांगितले असल्याने ही श्रमविभागणी जुनीच आहे. तथापि हे चौघे एकाच आवारात काम करीत आणि मुलगा दगडापासून आरंभ करून आराखड्यापर्यंत पोहोचे. विसाव्या शतकात या दोहोंची फारकत झाली. सोमपुरांचा अर्वाचीन इतिहास हा बव्हंशी या फारकतीचाच इतिहास आहे.

चौलुक्य (सोळंकी) राजांच्या काळात या शाखेचा उत्कर्ष झाला. अबूच्या पहाडावरील विमलवसही (१०३१) व लूणवसही (सु. १२३०) ही संगमरवरी जैन मंदिरे त्याची साक्ष होत. लूणवसहीच्या सूत्रधाराचे शोभनदेव हे नाव ज्ञात आहे. भारतीय मंदिरांच्या बाबतीत असे भाग्य थोड्यांनाच लाभले. बहुतेक ठिकाणी दात्याचे नाव शिलालेखात राहिले आणि घडविणाऱ्याचे गेले. तेराव्या-चौदाव्या शतकांच्या संधीवर गुजरातमधील वाघेला राजवट संपुष्टात आली व राजाश्रय तुटला. परंतु व्यापारी जैन समाजाने ती जागा घेतली. शत्रुंजयावरील मंदिरांचा १३१३ मध्ये विध्वंस झाला आणि अवघ्या दोन वर्षांत, १३१५ मध्ये, समरा शाह या श्रेष्ठीने त्यांचा जीर्णोद्धार केला. एवढ्या अल्पावधीत असे काम होते, याचा अर्थ कारागीर व त्यांची विद्या जागेवर होती. गुजरातच्या सुलतानांच्या मशिदींवरील नक्षीतही स्थानिक सलाटांचा हात स्पष्ट ओळखू येतो. पंधराव्या शतकातील ‘वृक्षार्णव’ या शिल्पग्रंथात तर मशिदीच्या बांधणीचे ‘रहमाणप्रासाद’ नावाचे प्रकरणच आहे. शिल्पीच्या दृष्टीने तोही एक प्रासादच होता, फक्त मूर्तिविरहित.

मेवाडचा राणा कुंभ (कार. १४३३–६८) याच्या आश्रयास असलेला सूत्रधार मंडन हा या परंपरेतील सर्वांत मोठा ग्रंथकार. ‘प्रासादमंडन’, ‘राजवल्लभ’, ‘रूपमंडन’, ‘देवतामूर्तिप्रकरण’ हे त्याचे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. राणकपूरचे चौमुख मंदिर (शिलालेख १४३९) याच राजवटीतील. धरणा शाहने ते बांधविले आणि देपाक या सूत्रधाराने उभारले.

मंडनाचे ग्रंथ वाचनासाठी नव्हे, तर कामाच्या जागी आठवण्यासाठी रचलेले आहेत. त्यांतील गणित समजल्याशिवाय या परंपरेचा टिकाऊपणा उमगत नाही. मंदिराची सर्व मापे प्रासादाच्या, म्हणजे गाभाऱ्यासह मूळ इमारतीच्या रुंदीवरून निघतात. ही रुंदी गजांत (२४ अंगुळांचा एक गज किंवा हात) ठरली, की पीठाची उंची, मंडोवर म्हणजे बाहेरील भिंत, द्वार, स्तंभ आणि शिखर यांची मापे ओळीने मांडता येतात. हे प्रमाण सरळ पटीचे नसते. सुमारे पाच हात रुंदीपर्यंत मंडोवराची उंची रुंदीच्या जवळपास बरोबरीने चालते. पुढे रुंदी जसजशी वाढते, तसतशी प्रत्येक हातामागे उंचीत पडणारी भर कमी होते. त्यामुळे मोठे मंदिर बेढब उंच होत नाही आणि भिंतीवरील भारही आटोक्यात राहतो. मंडोवराचेही थर ठरलेले आहेत : खुरक, कुंभ, कलश, अंतरपत्र, कपोताली, मंची, जंघा, उद्गम, भरणी, शिरावटी आणि शेवटी छज्जा. प्रत्येकाच्या वाट्याचे भाग पाठ असले, की नकाशाविनाही भिंत चढविता येते. जागेच्या लांबी-रुंदीच्या गुणाकारास आठांनी भागून उरणाऱ्या शेषावरून ‘आय’ काढण्याची रीत आहे. तिचा संबंध शुभाशुभाशी जोडलेला असला, तरी त्या निमित्ताने प्रत्येक माप दोनदा तपासले जाते, हा तिचा व्यावहारिक लाभ होय.

सूत्रधाराची साधने आठ सांगितली आहेत : दृष्टी, गज, मुंजाची दोरी, कापसाचे सूत, ओळंबा, गुण्या, साधणी व कंपास. त्यांत पहिला मान दृष्टीला आहे, हे लक्षणीय होय. थरांच्या बाह्यरेषांचे पत्र्याचे फर्मे कापून ते दगडावर धरावयाचे व त्यांबरहुकूम दगड उतरवावयाचा, ही पद्धती अलीकडेपर्यंत सर्वत्र होती. पोथ्यांतील संस्कृत बरेच अशुद्ध व देशी शब्दांनी मिश्रित असते. पंडितांनी त्यास नाके मुरडली. पण कामावरचा माणूस नेमके तेच शब्द वापरतो, हे त्यांच्या ध्यानी आले नाही.

सोमपुरांचे नाव आधुनिक भारतात सर्वतोमुखी झाले ते सोमनाथामुळे. मूळ स्थानावरील मंदिर भग्न असल्याने १७८३ मध्ये अहिल्याबाई होळकरांनी जवळच स्वतंत्र मंदिर बांधून पूजा चालू ठेवली होती. १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये सरदार वल्लभभाई पटेल यांनी पुनर्निर्माणाची घोषणा केली. पालिताण्याचे प्रभाशंकर ओघडभाई सोमपुरा (१८९६–१९७८) यांच्याकडे आराखडा सोपविण्यात आला. जुने अवशेष जसेच्या तसे जतन करावेत, असे पुरातत्त्वज्ञांचे मत होते. भग्न प्रासाद पूजेस योग्य नसतो, तो उतरवून नवा बांधणे हाच जीर्णोद्धार, असे शिल्पशास्त्र सांगते. दोन्ही बाजू आपापल्या शास्त्राशी प्रामाणिक होत्या. १९५० मध्ये पुरातत्त्व खात्याने तेथे उत्खनन केले आणि अवशेष उतरविण्यात आले. कुमारपालाच्या काळातील बाराव्या शतकाच्या मंदिराचे जागेवरील रूप त्यामुळे कायमचे नाहीसे झाले, ही हानी नाकारता येत नाही. ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते लिंगाची प्रतिष्ठा झाली. उर्वरित बांधकाम मात्र रेंगाळत १९९५ मध्ये पूर्ण झाले. शिखराची उंची सु. ४७ मी. आहे. प्रभाशंकरांनी ‘क्षीरार्णव’, ‘दीपार्णव’ इ. ग्रंथ संपादून गुजराती स्पष्टीकरणासह प्रसिद्ध केले. कुळाबाहेर न जाणारी विद्या त्यांनी छापून खुली केली, हे त्यांचे कार्य सोमनाथापेक्षा कमी मोलाचे नाही. १९७३ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. याच काळात अमृतलाल मूळशंकर त्रिवेदी या सोमपुरा स्थपतींनी आणंदजी कल्याणजी पेढीच्या वतीने देलवाड्याच्या मंदिरांची दुरुस्ती केली. तेथे जुने न पाडता तुटलेला भाग तेवढा बदलण्याचे धोरण होते. एकाच परंपरेतून दोन भिन्न उत्तरे निघू शकतात, ती अशी.

१९८० नंतर कामांचे स्वरूप पालटले. प्रभाशंकरांचे नातू चंद्रकांत सोमपुरा यांनी आराखडलेले लंडनमधील नीसडनचे स्वामिनारायण मंदिर (१९९५) याचे बोलके उदाहरण आहे. बल्गेरियातील २,८२८ टन चुनखडक व इटलीतील २,००० टन संगमरवर भारतात आणून १,५२६ कारागिरांकडून घडविण्यात आला आणि २६,३०० सुटे भाग क्रमांक घालून लंडनला जोडण्यात आले. अयोध्येच्या राममंदिराचा त्यांचा मूळ आराखडा १९८० च्या दशकाच्या अखेरचा. १९९० पासून त्याचे दगड घडविले जात होते. २०२० मध्ये तो वाढविण्यात आला व २२ जानेवारी २०२४ रोजी तेथे मूर्तीची प्रतिष्ठा झाली. शरयूकाठच्या रेताड जमिनीत पायाचा प्रश्न बिकट होता. तो आधुनिक अभियंत्यांनी सोडविला. वरील लोखंडविरहित दगडी बांधणी मात्र परंपरागत नियमांची आहे. अशा कामांत गणित शिल्पीच्या कार्यालयात संगणकावर होते, दगड शेकडो कोस दूरच्या कारखान्यात घडतो आणि जोडणी तिसरीकडेच होते.

या कारखान्यांचे एक मोठे केंद्र म्हणजे राजस्थानच्या सिरोही जिल्ह्यातील पिंडवाडा. तेथे टाकी धरणारा कारागीर बहुधा सोमपुरा नसतो. गरासिया आदिवासी व इतर गरीब जातींतील तरुण हे काम करतात. कौशल्य जन्मावर अवलंबून नाही, हे त्यांनी सिद्ध केले. मोबदला व मान मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. पूर्वी छिन्नी-हातोड्याने दगडाच्या कपच्या उडत, धूळ थोडी होई. विजेवर फिरणारी चकती आल्यापासून काम झपाट्याने होऊ लागले, पण श्वासाबरोबर आत जाणारी सूक्ष्म धूळ कैक पटींनी वाढली. संगमरवरात सिलिका अत्यल्प असते, वालुकाश्मात मात्र तीच मुख्य असते. मोठ्या मंदिरांसाठी वालुकाश्माची मागणी वाढली आणि चकतीही त्याच सुमारास आली. या दोहोंच्या संयोगातून पिंडवाड्याच्या घडणावळीत सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य विकार पसरला. ऐन उमेदीतील कारागीर त्याला बळी पडतात. राजस्थान शासनाने २०१९ मध्ये धूलिजन्य फुप्फुसविकारांविषयी धोरण जाहीर केले. त्यानुसार प्रमाणित रुग्णास ३ लाख रुपये व मृत्यूनंतर वारसांस २ लाख रुपये साहाय्य ठरविले आहे. हे साहाय्य रोग जडल्यानंतरचे आहे. दगडावर पाणी सोडून काम करणे आणि धूळ शोषून घेणारी यंत्रे बसविणे हे उपाय ज्ञात असूनही लहान कारखान्यांत ते क्वचितच आढळतात. शिल्पग्रंथांत शिला निवडण्यापासून कलशारोहणापर्यंत प्रत्येक टप्प्याचे विधी आहेत, स्थपतीचा सत्कार कसा करावा याचेही नियम आहेत.

दक्षिणेत या प्रश्नाला वेगळी दिशा मिळाली. तमिळनाडूत महाबलीपुरम् येथे १९५७ मध्ये शासनाने मंदिरवास्तू व शिल्प यांचे शिक्षण देणारी संस्था काढली. व्ही. गणपती स्थपती (१९२७–२०११) यांनी ती दीर्घकाळ चालविली. कुळात शिकविली जाणारी विद्या तेथे अभ्यासक्रमात आली व कोणत्याही जातीच्या विद्यार्थ्यास खुली झाली. गणपती स्थपतींनी घडविलेला कन्याकुमारीचा तिरुवळ्ळुवरांचा १३३ फूट उंचीचा पुतळा १ जानेवारी २००० रोजी अनावृत झाला. गुजरातेत मात्र शिक्षण अद्याप मुख्यतः घराण्यांच्या कार्यालयांतच होते. तेथील तरुण पिढी स्थापत्य-अभियांत्रिकी शिकून परंपरागत व्यवसायात येते आणि थरांचे भाग संगणकाला शिकविते. यंत्राने कोरलेल्या नक्षीवर अखेरचा हात छिन्नीनेच फिरवावा लागतो. तो हात आज बहुधा पिंडवाड्याचा असतो.