फक्त जवारी

१९७४ च्या पावसाळ्यात मी वडिलांच्या मागोमाग मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिरले, तेव्हा आईचा तंबोरा वडिलांच्या खांद्यावर जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेला होता. मी एकोणीस वर्षांची होते. गाणं शिकत होते, आठवड्यातून दोनदा सतारीला जात होते, नाटकवाल्या मंडळींबरोबर पेटीवर बसत होते आणि एका मैत्रिणीच्या नादाने कथ्थकचे तोडेही गिरवत होते. वडील रेल्वेत कारकून, बोलणं मोजकं. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ एवढंच म्हणायचे आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालायचे. मला राग यायचा.

तंबोरा मुका झाला होता. दुसऱ्या एका शहरातल्या दुकानात तो दुरुस्तीला दिला होता. तिथे पेटीचे सूर लागत, गिटारच्या तारा बदलत, तबल्याला शाई चढे, बुलबुलतरंगही विकायला असे. तंबोऱ्याची घोडी त्यांनी कानशीने घासून सपाट करून परत दिली. तार छेडली की ‘टण्’ असा आवाज यायचा आणि तिथेच संपायचा. आईने तो पुन्हा हातात घेतला नाही.

मिरजेतल्या एका लहानशा खोलीत तिथल्या कारागिरांनी, चाचांनी, चादर सोडली, भोपळ्यावर दोन बोटांनी टकटक केली, घोडीवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि विचारलं, “ताई, कुठल्या पट्टीत गाता?” मी म्हटलं, काळी पाच. त्यांनी वहीत काहीतरी उर्दूत लिहून घेतलं. निघताना मी उत्साहाने सांगितलं, घरी एक दिलरुबाही पडून आहे, तोही आणू का? ते म्हणाले, “दिलरुबा शेजारी द्या. मी फक्त जवारी करतो.”

या ‘फक्त’मागे किती मोठा इतिहास आहे, हे मला फार उशिरा कळलं.

सतारमेकर हे आज आडनाव आहे. त्याआधी गल्लीतल्या या कारागिरांचं आडनाव शिकलगार होतं. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारा, तलवारीला पाणी आणि झळाळी देणारा कारागीर. मिरज किल्ल्याचं गाव, पटवर्धनांच्या फौजेचं ठाणं. इथे शिकलगारांना काम कमी कसं पडणार? पण १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, १८२० मध्ये मिरजेच्या जहागिरीच्याच वाटण्या झाल्या, फौजा आटल्या. पुढे १८५७ नंतर इंग्रजांनी हत्यारांवर निर्बंध आणले आणि १८७८ च्या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणंच गुन्हा ठरवलं. ज्यांच्या घरात तलवारीच येईनाशा झाल्या, त्या धार लावणाऱ्यांनी करायचं काय?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास याच शिकलगारांपैकी फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन हे भाऊ वाद्यांकडे वळले, असं मिरजेत सांगतात. संस्थानाच्या दरबारात गवई येत, बीनकार येत. त्यांची वाद्यं उत्तरेकडे बनलेली. प्रवासात भोपळा फुटला, दांडी वाकली, तर ती परत पाठवायची कुठे? बारीक हाताचा माणूस गावात शोधायचा, तर तो शिकलगारच. आधी दुरुस्ती, मग उघडून पाहणं, मग तसंच दुसरं करून पाहणं, अशी ही विद्या मिरजेत रुजली.

मला या वळणाचं नेहमी नवल वाटत आलं आहे. धंदा बुडाल्यावर माणूस मिळेल ते काम धरतो. थोडी कुलपं, थोड्या सुऱ्या, थोडं लोहारकाम, आणि वाद्य आलं तर तेही. या भावांनीही सुरुवातीला तसं केलं असेल, कुणी सांगावं. पण त्यांच्या मुला-नातवांनी हाती आलेलं एक काम घट्ट धरलं आणि बाकीचं सोडलं. इतकं सोडलं की जुनं आडनावही गेलं.

मिरजेचं भौगोलिक नशीबही चांगलं. रेल्वे आली आणि हे जंक्शन झालं. धारवाड-बेळगावकडून पुण्या-मुंबईला जाणारा गवई इथे गाडी बदलणार, दोन दिवस थांबणार, मीरासाहेबांच्या दर्ग्यात हजेरी लावणार. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे राहिले. त्यांच्याकडे शिकायला कुरुंदवाडचा एक मुलगा आला. फटाक्याने त्याच्या डोळ्यांना इजा झाली होती. तेच विष्णु दिगंबर पलुसकर. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं शाळेच्या वर्गात नेलं. वर्ग आले म्हणजे वर्गागणिक तंबोरेही आले. गल्लीतलं काम वाढलं.

तंबोऱ्याची सुरुवात मात्र मिरजेत होत नाही, ती होते पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात. हा भोपळा खायचा नाही, कडू असतो. वेलावर असतानाच शेतकरी त्याला नीट बसवून ठेवतो, कारण ज्या बुडावर तो बसतो त्यावर त्याचा आकार ठरतो. नंतर तो महिनोन्‌महिने वाळू द्यायचा. मोठ्या पुरुषी तंबोऱ्याला पन्नास इंचांहून जास्त घेराचा भोपळा लागतो, आणि असे निर्दोष भोपळे शेकड्यांत थोडेच निघतात. कारागीर तो पाण्यात भिजवतो, कापतो, आतला गर खरवडून काढतो आणि तोंड आवळू नये म्हणून आत काटक्या आडव्या ठोकून पुन्हा वाळवतो. मग तूणच्या लाकडाचा गळा, दांडी, वरची तबली. सांध्यावर कोरलेली पानं. खुंट्या, मणी, लंगोट. कडेची नक्षी पूर्वी हस्तिदंताची असे, आता प्लास्टिकची असते. शेवटी चपड्याच्या लाखेचं पॉलिश, हातानेच, कापडाच्या बोळ्याने, थरावर थर.

यातलं प्रत्येक काम वेगळ्या हातांचं. भोपळा लावणारा वेगळा, नक्षी कोरणारा वेगळा, पॉलिशवाला वेगळा. गल्लीत सतारी होतात, तंबोरे होतात, दिलरुबा आणि वीणाही होतात, त्यामुळे परक्याला वाटतं की इथे सगळे सगळं करतात. तसं नाही. चाचांच्या ‘शेजारी द्या’चा अर्थ हाच होता. गाव अनेक वाद्यं करतं, कारण गावातला एकेक माणूस एकेक गोष्ट करतो.

आणि सगळ्यात शेवटी जवारी, म्हणजे घोडीला नेमका उतार देणं.

घोडी म्हणजे तबलीवरचा तो रुंद, बोटभर उंचीचा तुकडा. पूर्वी सांबरशिंगाचा, पुढे उंटाच्या हाडाचा, कधी लाकडाचाही. व्हायोलिनच्या घोडीला धार असते, तार तिच्यावर एका रेषेत टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते. तार तिच्यावर टेकून पुढे निघते तेव्हा हाडाच्या अगदी जवळून जाते. छेडली की थरथरताना पुन्हा पुन्हा त्या उताराला स्पर्श करते. या स्पर्शातून आवाजात ती गुंजन करणारी धार येते, एका षड्जातून वर गांधार ऐकू येतो. उतार जास्त झाला की स्पर्श सुटतो, कमी झाला की तार फरफरते. आमच्या तंबोऱ्याची घोडी सपाट केली गेली होती, म्हणजे मुळावरच घाव घातला गेला होता.

१९२१ मध्ये कलकत्त्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. त्यात तंबोऱ्याच्या घोडीचा विचार आहे. पुस्तकी नियम सांगतो की तार ज्या बिंदूवर छेडाल, तिथे निष्पंद असणारे स्वरांश त्या आवाजात उमटायला नकोत. तंबोऱ्यात ते उमटतात. रामन यांनी हे दाखवलं आणि त्याचं कारण घोडीच्या त्या उतारात शोधलं. नोबेल मिळायला अजून नऊ वर्षं होती. पदार्थविज्ञानाचा नियम जिथे अडखळतो, तो उतार मिरजेतल्या खोलीत माणसं सत्तर वर्षं कानाने लावत होती.

कसं लावतात, हे मी नंतर पुष्कळदा बसून पाहिलं. चाचा तंबोरा मांडीवर आडवा घेत. कानस दोन वेळा फिरवत, तिसऱ्यांदा नाही. फुंकर, कापडाने पुसणं, तार परत घोडीवर, छेडणं, डोळे मिटणं. मग तारेखाली रेशमाचा दोरा सरकवून पाहणं, केसभर पुढे, केसभर मागे. चारही तारांची जवारी वेगळी बसते आणि चौघींनी एकत्र बोलायलाही हवं. पंचम खुलला आणि खरज दबला, तर पुन्हा सुरुवात. एक जास्तीचा घाव बसला तर घोडीच बदलावी लागते. कधी अख्खी दुपार जाई. त्या दुपारी चाचा दुसऱ्या कशालाही हात लावत नसत. कुणी गिऱ्हाईक दारात आलं तरी हातानेच ‘थांबा’ म्हणत.

मला मनोमन वाटतं की तलवारीला धार लावणारा हात आणि घोडी घासणारा हात एकच आहे. किती अंशात धरायचं, किती दाबायचं, कुठे थांबायचं, हे दोन्हीकडे तेच. कागदोपत्री याचा पुरावा मिळणार नाही, पण चाचांचं मनगट पाहिल्यावर मला पुराव्याची गरज वाटली नाही. शिकणाऱ्या मुलाला कानस अगदी शेवटी हातात मिळते. आधी काही वर्षं भोपळे, काही वर्षं लाकूड. मुलाचा कान तयार होईपर्यंत त्याने तंबोऱ्याजवळ नुसतं असावं, अशी रीत.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहायला आले, ते या गल्लीचं मोठं भाग्य. खाँसाहेबांचा स्वतःचा हात वाद्यदुरुस्तीत बसलेला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींचं गणित मांडत होते, त्यांना खाँसाहेबांच्या गळ्याची साथ होती. असा गायक गिऱ्हाईक म्हणून समोर बसला, तर कारागिराला ‘चालेल’ म्हणून वाद्य पुढे ढकलता येत नाही. किराणा घराण्याचं गाणं सुराला धरून राहतं. एका स्वरावर थांबायचं, त्याचा काठ शोधत राहायचा. तसं गाणं तसाच तंबोरा मागतं. मिरजेच्या तंबोऱ्याचा आवाज आणि किराण्याचा सूर यांनी एकमेकांना घडवलं, हे माझं मत आहे, आणि इतकी वर्षं ऐकून ते बनलं आहे.

२७ ऑक्टोबर १९३७ ला मद्रासेकडच्या प्रवासात खाँसाहेबांच्या छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर ते उतरले, फलाटावर अंथरूण घालायला लावलं, तंबोरा जुळवायला सांगितला आणि गातगातच गेले. त्यांना मिरजेत आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं. दर वर्षी तिथे गवई येऊन हजेरी लावतात. माझ्या वडिलांनी मला त्या मैफलीला पहिल्यांदा नेलं, ते तंबोरा घरी आल्यानंतरच्या वर्षी. तोवर मी सतार सोडली होती, कथ्थक सोडलं होतं. पेटी सोडायला जास्त त्रास झाला, कारण तिच्यावर वाहवा मिळत होती. वडिलांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

गल्लीलाही मोह कमी आले नाहीत. नाटक कंपन्यांच्या भरभराटीत पेटीची लाट आली, पुढे गिटारची. १९८० च्या आसपास इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, डब्याएवढा. कळ फिरवली की पट्टी बदलते. मग तो मोबाइलमध्येच शिरला. काही घरांतली मुलं दुसऱ्या कामांना लागली, आणि त्यांना बोल लावण्याचा मला अधिकार नाही. दुपारभर एका घोडीवर बसून मिळतं किती, हे मी पाहिलेलं आहे. ज्यांनी धरून ठेवलं त्यांच्यासाठी २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेचं नाव लावून कुणी भलताच तंबोरा विकू नये, यासाठी ते उपयोगी पडेल. जवारी मात्र प्रमाणपत्राने बसत नाही. तिला तरुण कान लागतो आणि त्या कानाला वेळ द्यावा लागतो. गावातल्या, राज्यातल्या ज्या कुणाला हे वाचवायचं असेल, त्यांनी शिकणाऱ्या पोरांच्या पोटापाण्याची पाच-सात वर्षं सांभाळावीत, असं मला फार कळकळीने वाटतं.

मागच्या हिवाळ्यात मी तंबोरा घेऊन पुन्हा गेले. तारांनी घोडीवर बारीक चरे पाडले होते. नियमित रियाज असला की दर दोन वर्षांनी ते पडतातच. चाचा आता नाहीत, त्यांचा मुलगा बसतो. त्याचेही केस पांढरे झाले आहेत. त्याने घोडीवरून नख फिरवलं, मग फडताळातून बापाची वही काढली आणि पानं उलटत माझं नाव शोधलं. १९७४ पासूनच्या नोंदी होत्या. काळी पाच. पुन्हा काळी पाच. मुलीच्या जन्मानंतर काळी चार, आणि मग बरीच वर्षं तेच.

“ताई, गाऊन दाखवा जरा,” तो म्हणाला.

मी षड्ज लावला. त्याने खुंटी पिळत पिळत तार उतरवली, माझ्या आवाजाशी आणून थांबवली, मान हलवली. मग पेन्सिल घेतली आणि वहीत काळी चारच्या खाली लिहिलं, काळी तीन.